सत्तावन्न किलो हवा

कुरिअरच्या पोरानं पेटीला टेप लावला.
लांबी एकशे बावन्न, रुंदी एक्कावन्न, उंची शेहेचाळीस.
मोबाइलवर गुणाकार, भागिले पाच हजार,
आणि म्हणाला, काका, एक्काहत्तर किलो.

म्हटलं, बाबा, आत तंबोरा आहे, सिमेंट नाही.
काट्यावर तर ठेव.
ठेवला. चौदा भरले.
त्यातलेही साडेनऊ माझ्या फळ्यांचे.
मग वरचे सत्तावन्न कुणाचे?
'जागेचे. सिस्टिम घेती.'

सतारमेकर गल्लीत गौसभाईंना फोन केला
तर पलीकडे कानस थांबली.
'म्हंजे भोपळ्यातनं मी जे खरवडून भाईर काढलं
त्येचं वजन लावतोय व्हय त्यो?'
मी गप्प.
'लाव म्हणावं. पर मग मलाबी त्येची मजुरी दे.'

मिरजेत सव्वीस वर्षं मी पेट्या ठोकतोय.
सतारी, वीणा, एकदा दवाखान्याचं जुनं टेबल.
वडील गोधडीत गुंडाळायचे, सुतळी आवळायचे,
आणि तिकडे जाणारा माणूस शोधायचे.
माणूस मिळाला की भाडं एक कप चहा.
आता जाणारे खूप झालेत
पण सगळ्यांच्या बॅगा आधीच भरलेल्या.

बाई गोंदियाच्या. अनसूया रहांगडाले.
नोकरी संपल्यावर गाणं शिकायला बसल्यात.
तंबोऱ्याचे पैसे तीन हप्त्यांत दिले,
आणि चौथ्या महिन्यात भीत भीत विचारलं,
पाठवायला किती पडेल हो?
त्यांना एक्काहत्तरचा आकडा सांगायचा कसा?

रात्री पेटी पुन्हा उघडली.
तारा सैल केल्या, खुंट्या काढून
एकेक नंबर टाकून पुरचुंडीत बांधल्या.
गळ्याकडे निमुळती केली पेटी, चार इंच वाचवले.
(काही उपयोग नाही. टेपवाले रुंद बाजूच धरतात.
तरी केली.)
ट्रकवाला म्हणाला, देतो की स्वस्तात,
पण नागपुरात गाडी बदलायची
आणि तिथल्या हमालाचा आकडा
पेटीत कुठं शिरेल ते मी सांगू शकत नाही.
एसटीच्या टपावर? नको, दादा.

शेवटी जंक्शनवर गेलो, पार्सल ऑफिसात.
तिथला बाबूही टेप लावतो
पण त्याच्या दरानं हवा स्वस्त पडते.
आणि मुख्य म्हणजे गाडी थेट,
गोंदिया तिचं शेवटचं स्टेशन.
हे लक्षात ठेवा कुणाला काही नाजूक पाठवताना:
मधल्या स्टेशनावर पेटी फेकतात,
शेवटच्यावर उतरवतात.

पैसे भरायच्या आधी एक विचार डोक्यात आला.
रिकाम्या जागेचं भाडं देतोयच आपण,
तर ती रिकामी कशाला ठेवायची?
कोपऱ्यात भाताचा पेंढा होताच.
त्यातला थोडा काढला,
बायकोच्या जुन्या साडीच्या पिशव्या शिवल्या,
तासगावचा बेदाणा भरला दोन किलो,
दांडीच्या दोन्ही अंगांना लावून दिला.
कापसापेक्षा चांगला बसतो. दबतो, पण सरकत नाही.
वर लिहिलं: नाजूक. ही बाजू वर.
बाण काढला, शंका नको म्हणून दोन काढले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला.
आधी नुसताच खडखडाट,
मग पेंढा ओढल्याचा आवाज,
मग बराच वेळ काही नाही.
माझा हात आपोआप खिशातल्या पावतीकडे गेला.
बाई म्हणाल्या, भोपळा शाबूत आहे.
खुंट्यांवर नंबर टाकलेत, बरं केलंत.
तार अजून चढवलेली नाही. गुरुजी उद्या येतील.
पण नुसता टिचकी मारून बघितला तर
घरभर घुमला हो.

मग आवाज खाली आणून म्हणाल्या,
एक विचारू का?
यात बेदाणे कुणाचे तरी चुकून आलेत.
परत कसे पाठवू?

म्हटलं, ते पॅकिंगचं सामान आहे, बाई.
खाऊन टाका.